मैदानाच्या कडेला उभे असलेले अब्बू

लेस्टरहून भाईचा फोन रविवारी येतो. हिवाळ्यात आमच्याकडे असरची वेळ झालेली असते, तिकडे सकाळचे साडेदहा-अकरा. फोनमधून आधी वारा ऐकू येतो, मग शिट्टी, मग कुणीतरी मुलांच्या नावाने ओरडत असते आणि त्यानंतर भाई. "पाऊस आहे," हे त्याचे पहिले वाक्य. भाई त्या वेळी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला उभा असतो आणि त्याचा मधला मुलगा आत खेळत असतो. आमची अम्मी दर रविवारी त्याला तेच विचारायची, "पोराला सोड आणि गाडीत जाऊन बस ना! एवढ्या थंडीत उभा कशाला राहतोस?" भाई म्हणायचा, "अम्मी, सगळेच बाप उभे आहेत."

जानेवारीतल्या एका रविवारी फजरच्या सुमारास अम्मीचा इंतिकाल झाला. तिकडे तेव्हा मध्यरात्र होती. कुठलेही विमान भाईला असरपर्यंत कोकणात पोहोचवू शकत नव्हते आणि मय्यत ठेवून घेणे आम्हा कुणालाच मान्य नव्हते. भाईनेच सांगितले, "माझ्यासाठी थांबू नका." असरनंतर जनाजा उठला. त्याला निदान बघता यावे म्हणून आम्ही फोन सुरू ठेवला होता. नमाजेची सफ लागत होती, सगळे गप्प झाले होते आणि तेवढ्यात त्या फोनमधून शिट्टी वाजली. कर्कश, लांबलचक. पुढच्या सफेतल्या दोघा बुजुर्गांनी मागे वळून पाहिले. आम्ही घाईघाईने आवाज बंद केला.

भाई मंगळवारी पहाटे आला. विमानतळावरून घरी न येता तो आधी कब्रस्तानात गेला. सहा दिवस राहिला, आल्या-गेल्याला भेटला, अम्मीच्या खोलीत झोपला. शिट्टीबद्दल आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. पण तो परत गेल्यावरही आमच्या घरात ते वाक्य राहून गेले, की अम्मीच्या जनाज्याला थोरला मुलगा फुटबॉलच्या मैदानावर होता. कुणी ते मोठ्याने बोलत नव्हते एवढेच.

पुढचे समजण्यासाठी आमच्या अब्बांबद्दल थोडे सांगायला हवे. कोकणातल्या मुसलमान घरांत बाप म्हणजे बहुधा लांबून येणारी गोष्ट. आधीच्या पिढ्या बोटीवर होत्या, कुणी आफ्रिकेत गेले, मग आखात आले. आमचे अब्बा कुवेतला होते. दोन वर्षांनी दोन महिने घरी. बाकीचा बाप ड्राफ्टमध्ये, पत्रात आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये यायचा. अम्मी ती कॅसेट लावायची आणि आम्ही त्या यंत्राभोवती अदबीने बसायचो. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेतवर हल्ला केला. त्यानंतरच्या आठवड्यांत जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक हिंदी माणसे मायदेशी आणली. त्यांत अब्बाही होते, हातात एक पिशवी घेऊन. गावात सगळीकडे रडारड होती, नोकऱ्या गेल्या होत्या. आम्हां मुलांना मात्र वडील इतके दिवस सलग घरात दिसण्याची ती पहिली वेळ. भाई तेव्हा तेरा वर्षांचा होता. तो अब्बांशी काय बोलावे हे न कळून अंगणात चेंडू भिंतीवर आपटत राहायचा आणि अब्बा पायरीवर बसून बघायचे. दीड वर्षाने ते पुन्हा गेले.

भाई लेस्टरला गेला तो लग्नाने. भाभीचे वडील मूळचे आमच्याच तालुक्यातले, पण नैरोबीला वाढलेले आणि तिथून ब्रिटनला आलेले. लेस्टरमध्ये अशी आफ्रिकेमार्गे आलेली हिंदी घरे पुष्कळ. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकलले, तेव्हा याच शहराच्या कौन्सिलने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. लोक तरीही आले. 2021 च्या जनगणनेत लेस्टरमध्ये ख्रिश्चन साधारण पंचवीस टक्के, मुसलमान तेवीस-चोवीस आणि हिंदू अठराच्या आसपास भरले. तिथल्या एखाद्या रस्त्यावर उभे राहिले की आपण महाडच्या बाजारात आहोत की परदेशात, असा क्षणभर भ्रम होतो. थंडी लगेच तो घालवते.

गेल्या मे महिन्यात सुट्टी लागल्यावर आम्ही दोघे भाईकडे गेलो. थंडी सोसायची तयारी करून गेलो होतो, पण 2025 चा वसंत हा ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत जास्त उन्हाचा वसंत ठरला. भाई विमानतळावर भेटला, सलाम झाला, मिठी मारली आणि गाडी सुरू करताना म्हणाला, "पाऊसच नाही. मैदानावरचे गवत जळून गेले." चार वर्षे पावसाची तक्रार ऐकलेल्या आम्हांला हसू आवरेना.

भाई एका गोदामात मालाच्या गाडीवर काम करतो. पहाटे सहा ते दुपारी दोन. ही पाळी त्याने मागून घेतलेली आहे. रात्रपाळीला पैसे जास्त मिळतात, मुकादमाची जागाही त्याला देऊ केली होती, पण तिच्या वेळा फिरत्या. दोनला सुटले की तीनला तो धाकट्याच्या शाळेच्या फाटकावर हजर असतो. मग थोरलीची ट्यूशन, मधल्याचा सराव, धाकट्याचा मदरसा, मध्ये दुकानातून दूध-ब्रेड, सगळ्यांचे जेवण, भांडी. भाभी एका वृद्धाश्रमात काम करते, तिची पाळी संध्याकाळची. नवरा-बायको स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना गाडीची किल्ली देतात, तेवढीच त्यांची दिवसाची भेट. तिथे सासू नाही, शेजारची खाला नाही, "जरा पोराला बघ" असे म्हणायला कुणी नाही.

एक दिवस भाईला उशीर होणार होता म्हणून धाकट्याला आणायला आम्ही गेलो. सात वर्षांचा पोरगा आम्हांला बघून उड्या मारत होता, पण बाईंनी त्याचा हात सोडला नाही. आमचे नाव यादीत नव्हते आणि ठरलेला परवलीचा शब्द आम्हांला माहीत नव्हता. फोन लागेपर्यंत आम्ही फाटकाबाहेर गुन्हेगारासारखे उभे. राग आला, नाही म्हणत नाही. मग मनात आले, आपण स्वतः वीस वर्षे शाळेत काढली, कुणीही "मी मामू आहे" म्हटले की पोर त्याच्या हवाली केले.

तक्रारी मात्र विचारू नका. ब्रिटनमध्ये तक्रार ही बोलण्याची सुरुवात असते, आपल्याकडे "जेवलात का?" असते तशी. भाई त्यात पुरता मुरला आहे. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, रस्त्यातले खड्डे, शाळेसमोर पार्किंगचा दंड, कौन्सिल टॅक्स, दंतवैद्याकडे नंबर न लागणे. आगगाडी उशिरा येण्याचे एक कारण त्याने सांगितले, तेव्हा आम्हांला ती थट्टा वाटली. शरद ऋतूत झाडांची पाने रुळांवर पडून चिकट होतात, चाके घसरतात, म्हणून गाड्या उशिरा धावतात. आम्ही म्हटले, "भाई, आमच्याकडे पावसाळ्यात अख्खा डोंगर रुळांवर येऊ शकतो म्हणून कोकण रेल्वे चार-पाच महिने वेगळे वेळापत्रकच लावते." तो म्हणाला, "तेच तर. तुमच्याकडे निदान डोंगर आहे. इथे पाने!"

डॉक्टरची गोष्ट तर रोजची. तिथे मोहल्ल्याच्या दवाखान्यात वेळ हवी असेल तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, कारण अख्खा मोहल्ला त्याच ठोक्याला फोन लावतो. धाकट्याचा कान दुखू लागला त्या दिवशी भाईची रजा होती. आठ वाजता फोन लावला, तर यंत्राने सांगितले, तुम्ही रांगेत सतरावे. अर्ध्या तासाने पाचवे. पाऊण तासाने बाई म्हणाल्या, आजच्या वेळा संपल्या. भाईने फोन ठेवला, एक शब्द बोलला नाही, मुलाला गाडीत घातले आणि औषधाच्या दुकानात गेला. 2024 पासून इंग्लंडमध्ये मुलांची कानदुखी, घसा अशा काही साध्या आजारांवर औषध-दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. त्याने कान पाहिला, औषध दिले. पैसे? काही नाही, मुलांना औषधे मोफत. परतताना भाई म्हणाला, "शिव्या द्याव्यात तर हे असे. थोरली सात महिन्यांची जन्मली, पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी नेताना मी विचारले, बिल कुठे भरायचे? नर्स हसायला लागली."

मुलांना गावी आणण्याचा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त बोचला, कारण आम्ही शाळेतली माणसे. आमच्याकडे मे महिन्यात मुंबईकर पोरे येतात, पडवीत आंब्याच्या अढ्या लागतात, करवंदे, फणस, विहिरीवरचा गोंधळ. भाईच्या मुलांनी यातले काहीही पाहिलेले नाही. तिकडे मे अखेरीला जेमतेम आठवड्याची सुट्टी असते आणि मोठी सुट्टी लागते जुलैत. तेव्हा विमानाची तिकिटे सर्वांत महाग आणि कोकणात धो-धो पाऊस. त्या मुलांच्या लेखी हिंदुस्थान म्हणजे छत्री, शेवाळ, गेलेली वीज आणि ओले मोजे. सत्र चालू असताना आणावे तर दंड. ऑगस्ट 2024 पासून इंग्लंडमध्ये विनापरवानगी पाच दिवसांची गैरहजेरी झाली की प्रत्येक मुलामागे, आई आणि वडील दोघांनाही वेगवेगळा, 80 पौंड दंड होऊ शकतो. एकवीस दिवसांत भरला नाही तर 160. तीन मुले आणि दोन पालक धरले तर हिशेब 480 पौंडांवर जातो. तीन वर्षांत दुसऱ्यांदा झाले तर थेट 160 आणि तिसऱ्यांदा दंड नाही, कोर्ट.

आम्हांला आमचे हजेरीपट आठवले. ऊसतोडीला गेलेली, लग्नाला गेलेली, नुसतीच न आलेली मुले आणि त्यांच्या नावापुढे आम्ही मारलेल्या फुल्या. नियम वाईट आहे असे शिक्षक म्हणून आम्हांला म्हणता येत नाही. पण अम्मी तीन वर्षे आजारी होती. "शेवटचे बघायला" असे कारण आधी लिहून देता येत नाही, कारण शेवट कधी ते कुणाला माहीत असते? इंतिकालानंतर मुख्याध्यापकांनी दोन-तीन दिवस दिलेही असते, पण दोन-तीन दिवसांत जाऊन येण्याइतके कोकण जवळ नाही. म्हणून जानेवारीत भाई एकटा आला होता. त्याच्या धाकट्याने दादीला फक्त पावसाळ्यात आणि फोनवर पाहिले.

मेमध्ये फुटबॉल संपून क्रिकेट सुरू झालेले असते. नऊ वाजेपर्यंत उजेड. भाई संध्याकाळी दोघांना सरावाला न्यायचा, आम्हीही जायचो. मधला फलंदाजी करतो, थोरली फिरकी टाकते, डोक्यावर स्कार्फ आणि त्यावर टोपी. गावाकडून कुणीतरी भाईला फोन करून विचारले होते, मुलगी मोठी झाली, आता पुरे नाही का? भाईने उत्तर देण्याऐवजी अबताहा मकसूदचा फोटो पाठवला. स्कॉटलंडच्या संघाची ही लेगस्पिनर हिजाब घालून इंग्लंडच्या 'द हंड्रेड' स्पर्धेत खेळली आहे. फोन करणारे त्यावर काय म्हणाले ते भाईने सांगितले नाही.

क्लबचा दारूचा बार ही भाईची खरी अडचण. तिथल्या क्रिकेट क्लबात खेळ संपला की सगळे बारभोवती जमतात, तिथेच ओळखी होतात, तिथेच पुढच्या संघाची बोलणी होतात. भाई मुलांना घेऊन गाडीकडे चालू लागतो. आपण त्या घोळक्यात नसल्याचे मुलांना किती महागात पडते, हे त्याला कळत नाही आणि विचारणार कुणाला? यॉर्कशायरकडून खेळलेल्या अझीम रफीकने नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटिश खासदारांच्या समितीपुढे दारूच्या या वातावरणाबद्दल आणि वंशद्वेषाबद्दल साक्ष दिली, तेव्हा भाईने ती कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर ऐकली होती. 2023 मध्ये एका स्वतंत्र आयोगाने अहवाल देऊन सांगितले की इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये वंश, वर्ग आणि स्त्री-पुरुष या तिन्ही बाबतींत भेदभाव खोलवर आहे. क्रिकेट मंडळाने माफी मागितली. भाईचे म्हणणे एवढेच, "अहवाल छान आहे. पण बॅट कितीला मिळते ते बघ."

तरी तो नेतो. कारण त्याच्यासमोर दुसरेही बाप आहेत. रेहान अहमदचे वडील टॅक्सी चालवत. हा रेहान लेस्टरशायरकडून खेळतो आणि डिसेंबर 2022 मध्ये कराचीत, वयाच्या अठराव्या वर्षी, तो इंग्लंडचा सर्वांत तरुण पुरुष कसोटीपटू ठरला. पहिल्याच कसोटीत त्याने एका डावात पाच बळी घेतले. बर्मिंगहॅमचा मोईन अली, त्याचे वडील मुनीर अली यांनीही टॅक्सी चालवून मुलांना खेळवले. 2019 मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकल्यावर शॅम्पेन उडायच्या आधी मोईन आणि आदिल रशीद शांतपणे बाजूला झाले. ते दृश्य भाईच्या मधल्याला पाठ आहे. तसेच दुसरे, त्यांच्याच शहरातले. 2021 च्या रमजानमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू असताना मगरिब झाली, तेव्हा समोरच्या संघाच्या गोलरक्षकाने चेंडू मारायला थोडा वेळ घेतला आणि लेस्टरच्या वेस्ली फोफानाने मैदानाच्या कडेला येऊन रोजा सोडला. कुठलाही गाजावाजा नाही. मुलगा आम्हांला ते तीनदा सांगून गेला.

पण आपण कुणाच्या बाजूचे, हा प्रश्न त्या घरात सोपा नाही. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या राजकारण्याने म्हटले होते की बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवतात ते बघा, म्हणजे त्यांची निष्ठा कळेल. भाई भारताच्या बाजूने. मधला इंग्लंडचा. थोरली जो हरत असेल त्याच्या बाजूची. हे सगळे हसण्यावारी जायचे, पण ऑगस्ट 2022 मध्ये दुबईत भारताने पाकिस्तानला हरवल्यानंतर लेस्टरच्या रस्त्यांवर तरुणांचे जमाव उतरले आणि सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम तणाव इतका वाढला की बाहेरून पोलीस आणावे लागले. भाईने दोन दिवस मुलांना घराबाहेर जाऊ दिले नाही. मधला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. त्याने विचारले, "अब्बू, आपण इंडियन की मुस्लिम?" भाई म्हणतो, या प्रश्नाने जेवढा थकलो तेवढा गोदामात कधी थकलो नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या गुजराती काकांचा फोन आला. तेही नैरोबीहून आलेले, भाभीच्या वडिलांचे जुने दोस्त. मी दुकानात चाललोय, मुलांना दूध आणू का, एवढेच ते म्हणाले. भाईने मुलाला सांगितले, "जा, दार उघड आणि काकांकडून दूध घे." प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही.

अशाच एका सरावाच्या संध्याकाळी मधला आमच्याशेजारी पॅड बांधून बसला होता, पाळीची वाट बघत. भाई लांब, कुंपणाजवळ, कुणाच्या तरी गाडीत खेळाचे सामान भरत होता. मुलगा सहज बोलून गेला, "दादीच्या दिवशी अब्बू इथेच उभे होते. तिथे, त्या झाडाजवळ." आम्ही गप्प. "मी गोलमध्ये होतो. अब्बू हात बांधून उभे होते, खूप वेळ. खाली बघत. मला वाटले त्यांना थंडी वाजतेय." मग जरा थांबून म्हणाला, "मी त्या वेळी एक गोल खाल्ला. त्यांनी पाहिलाच नाही."

आम्ही शाफई. आमच्या मस्लकात दूरगावी वारलेल्या माणसाची गायबाना नमाज-ए-जनाजा पढता येते. जनाज्याच्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही. चार तकबीर, आणि माणूस शेवटपर्यंत उभाच असतो. लांबून बघणाऱ्याला तो फक्त उभा दिसतो.

रात्री भाभी कामावर होती. भाई भांडी धूत होता, आम्ही पुसत होतो. जानेवारीपासून जे विचारले नव्हते ते तेव्हा विचारले. भाई नळ बंद न करताच बोलला. "त्या रविवारी गाडीची पाळी माझी होती. आणखी तिघांची मुले माझ्या गाडीत. मी न जातो तर नऊ जणांच्या संघात पाच उरले असते. सकाळी कुणाला फोन करून काय सांगणार? आणि घरात बसून तरी काय करणार होतो, भिंती बघणार?" थोड्या वेळाने म्हणाला, "फोनमध्ये सफ लागताना दिसली तसा मी झाडाजवळ गेलो. इथे किब्ला आग्नेयेला. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करायची सवय, म्हणून दोनदा तपासले. शिट्टी पंचांची होती. मला ठाऊक आहे, तिकडे ऐकू गेली असणार." आम्ही म्हटले, आवाज आम्ही लगेच बंद केला होता. तो म्हणाला, "म्हणूनच मग तकबीर ऐकू आली नाही. अंदाजाने पढलो."

आम्ही 6 जूनची ईद तिथेच केली. तिथे कुर्बानी घरी करता येत नाही, परवाना असलेल्या कत्तलखान्यातच. खाटिकाकडे आधी नाव नोंदवायचे आणि गोश्त यायची वाट बघायची. संध्याकाळपर्यंत आले नाही, भाईला तक्रारीला नवा विषय मिळाला. दोन-तीन दिवसांनी आम्ही निघालो, शाळा उघडायच्या होत्या.

जुलैच्या शेवटी भाई, भाभी आणि मुले कोकणात आली. अर्थातच पावसात. पहिल्याच दिवशी, कपडेही न बदलता, भाई तिघांना घेऊन कब्रस्तानात गेला. चिरे हिरवे झाले होते, वाट निसरडी, धाकटा दोनदा पडला.

4 ऑगस्टला दुपारी ओव्हलवर कसोटीचा शेवटचा दिवस होता. इंग्लंडला 35 धावा हव्या होत्या, भारताला चार बळी. साडेतीनला खेळ सुरू झाला आणि आमच्याकडची वीज गेली. मग एका फोनभोवती सात माणसे. मधला इंग्लंडचा शर्ट घालून मध्यभागी. ख्रिस वोक्स निखळलेला खांदा झोळीत बांधून फलंदाजीला आला तेव्हा भारताच्या बाजूचे आम्हीही हळहळलो. तासाभरात सिराजने शेवटचा त्रिफळा उडवला. सहा धावांनी भारत जिंकला, मालिका दोन-दोन. मुलगा उठून पडवीत जाऊन बसला.

भाई त्याच्यामागे गेला. पावसाच्या आवाजात आम्हांला तुटक ऐकू येत होते. तो त्याला सिराजची गोष्ट सांगत होता. हैदराबादचा हा मुलगा, वडील मोहम्मद गौस ऑटोरिक्षा चालवत. नोव्हेंबर 2020 मध्ये सिराज संघाबरोबर ऑस्ट्रेलियात असताना वडील वारले. करोनाचे विलगीकरण होते. परत जायचे का, असे मंडळाने विचारले, तेव्हा तो थांबला. तिथे पहिली कसोटी खेळला, ब्रिस्बेनला एका डावात पाच बळी घेतले आणि जानेवारीत परतल्यावर विमानतळावरून थेट कब्रस्तानात गेला. मुलाने विचारले, "तो रडला?" भाई म्हणाला, "राष्ट्रगीताच्या वेळी रडला होता. सिडनीला. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले." मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी रडला नाहीत." भाई काहीतरी म्हणाला, ते आम्हांला ऐकू आले नाही.

जायच्या आदल्या दिवशी भाभीने डब्यातला आटवलेला आमरस बाहेर काढला. अम्मीच्या पद्धतीने यंदा मेमध्ये लेस्टरला निघण्याआधी आम्हीच आटवून ठेवला होता. धाकटा बोटाने चाटून खात अंगणातल्या कलमाकडे बघत होता. पाने धुऊन निघालेली, फळ एकही नाही.

"यावर आंबे कधी येतात?"

"मेमध्ये."

"मेमध्ये आमची शाळा असते," तो म्हणाला आणि डबा पुढे केला.